पियानो खपून गेला, गिटारनं पकडून दिलं

मागच्या वर्षी एका एकांकिकेचं संगीत करत होतो, बजेट म्हणजे चहा आणि येण्याजाण्याचं पेट्रोल, त्यामुळे खरा गिटारवाला बोलवायचा प्रश्नच नव्हता, सगळं घरी लॅपटॉपवरच केलं, पियानो व्हर्च्युअल आणि गिटार पण व्हर्च्युअल. तालमीत ट्रॅक लावला. पियानोबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणजे पास. गिटार सुरू झाली आणि लाइट करणारा पोरगा, ज्याचा संगीताशी काडीचा संबंध नाही, तो शिडीवरूनच ओरडला, "दादा, ही गिटार पेटीवर वाजवलीय का?"

राग आला पण पोरगं बरोबर होतं. वाजवली पेटीवाल्यानंच होती. लहानपणापासून हार्मोनियम, मग कॉलेजात कीबोर्ड, गिटार आयुष्यात हातात धरलेली नाही. तेव्हापासून वर्षभर या सॅम्पल केलेल्या, म्हणजे खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवरून वाजवायच्या, गिटारी आणि पियानोंच्या मागे लागलोय, काही फुकटच्या, काही सेलमध्ये घेतलेल्या, काही मित्राच्या मशीनवर तासन्‌तास बसून वाजवलेल्या. आपल्याकडे बरेच जण माझ्यासारखेच पेटीवरून इकडे येतात म्हणून लिहितोय.

आधी पियानो, कारण तो सोपा. पियानोला मुळातच पट्ट्या आहेत आणि आपल्या समोरही पट्ट्याच आहेत, त्यामुळे बोटाची चाल तीच राहते, कॉम्प्युटरला फक्त आवाज द्यायचाय.

फुकटात सुरुवात करायची तर सॅलमँडर ग्रँड पियानो डोळे झाकून घ्या, वाजवायला स्फोर्झांडो नावाचा प्लेअर लागतो, तोही फुकट. यामाहा सी-५ ग्रँड आहे, तारांच्या जवळ दोन एकेजी सी-४१४ माइक लावून रेकॉर्ड केलेला, १६ व्हेलॉसिटी लेअर, म्हणजे एकच सूर हळूपासून जोरात असा १६ प्रकारे वाजवून घेतलाय. गंमत म्हणजे ८८ पट्ट्या सगळ्या घेतलेल्याच नाहीत, दर तिसरी पट्टी घेतलीय आणि मधल्या दोन शेजारच्या सुरावरून थोडं खालीवर सरकवून काढल्यात. ३० सूर गुणिले १६, म्हणजे ४८० रेकॉर्डिंग. मला हे वाचेपर्यंत कळलं नव्हतं आणि वाचल्यावर मुद्दाम कान लावून बसलो तरी गाण्यात काही कळत नाही.

सगळ्या पट्ट्या घेतल्या असत्या तर? २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, एक सूर २० सेकंद घुमू दिला तर पावणेसहा एमबी, ८८ पट्ट्या आणि १६ लेअर म्हणजे १४०८ रेकॉर्डिंग, झाले आठ जीबी, आणि हे फक्त एका माइकजोडीचे. वरच्या सप्तकातले सूर लवकर विझतात म्हणून थोडं कमी होईल, पण मग पेडल दाबून वेगळं, बोट उचलल्यावरचा आवाज वेगळा, लांबचे माइक वेगळे. स्पेक्ट्रासॉनिक्सचं कीस्केप ७७ जीबी का आहे ते आता लक्षात येईल (त्यात एक पियानो नाही, कीबोर्ड जातीच्या वाद्यांचं अख्खं गोडाऊन आहे हेही खरं).

पूर्वी हे सगळं रॅममध्ये मावलं तरच वाजायचं. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर आला, त्यानं सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढायचा ही युक्ती काढली, आजच्या मोठ्या लायब्रऱ्या, म्हणजे अशा रेकॉर्डिंगचे संच, अजून तेच करतात. म्हणून प्लगइनच्या (ही व्हर्च्युअल वाद्यं) आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. मी सहा महिने जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून चालवत होतो, पेडल दाबून चार कॉर्ड घेतले की किटकिट किटकिट, आणि मी शिव्या घालतोय ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या आवाजाच्या डब्याला.

पैशाच्यांत मला सगळ्यात आवडलेला नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा नॉयर. नील्स फ्राम या जर्मन पियानोवादकाचा स्वतःचा यामाहा सीएफएक्स, बर्लिनच्या फुंकहाउसमधल्या त्याच्या ‘साल ३’ (Saal 3) नावाच्या स्टुडिओत सॅम्पल केलेला. फुंकहाउस म्हणजे पूर्व जर्मनीच्या सरकारी रेडिओची जुनी इमारत. यात एकाच पियानोची दोन रूपं मिळतात, एक नेहमीचं आणि दुसरं फेल्टचं, म्हणजे हातोडी आणि तार यांच्यामध्ये लोकरीची पट्टी सोडलेलं. फेल्टमध्ये सूर कमी आणि लाकूड जास्त ऐकू येतं, हातोडी उठते, पट्टी खाली टेकते, पेडल दाबल्यावर आत काहीतरी हलतं. एकांकिकेत आई एकटी बसलीये असा प्रसंग असेल तर चार सूर पुरतात, पाचवा वाजवू नका. पण ढोलकी-तबला-बासरीच्या गर्दीत हे फेल्ट घालू नका, कुठे गेलं ते शोधत बसाल, तिथे साधा उघडा ग्रँडच लागतो. फेल्टचा नुसता स्वाद हवा असेल तर स्पिटफायर कंपनीच्या लॅब्ज या संग्रहातला सॉफ्ट पियानो फुकट मिळतो, मी निम्म्या कामाला अजून तोच वापरतो.

पियानोटेक पण ऐकला, तो सॅम्पल नाहीच, फ्रान्सच्या मोडार्ट कंपनीचा, तारेचं आणि हातोडीचं गणित मांडून आवाज जागच्या जागी तयार करतो, जीबीत नाही तर एमबीत मोजायची साइज. हाताला फार छान उत्तर देतो, पण मला जे लाकूड ऐकू यायला हवं असतं ते सॅम्पलमध्ये जास्त येतं. हे ज्याचं त्याचं.

आता पेटीवाल्यांची खरी भानगड. पेटीवर पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच, कारण जोर भात्यात असतो. वीस वर्षं हीच सवय, त्यामुळे उजव्या हाताचं प्रत्येक बोट सारख्याच वजनानं पडतं. मी माझं रेकॉर्डिंग उघडून बघितलं तर व्हेलॉसिटी सगळी ९० ते १०५ च्या मध्ये! मिडीत, म्हणजे कीबोर्ड कॉम्प्युटरशी बोलतो त्या भाषेत, ती १ पासून १२७ पर्यंत जाते. म्हणजे १६ लेअरचा पियानो घेऊन त्यातले दोन-तीनच वापरत होतो आणि वर तक्रार की आवाज प्लास्टिकचा येतो. यावर उपाय प्लगइनमध्ये नाही, कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज हे प्रमाण, बदलून थोडं सावरतं, पण शेवटी बोटंच हलकी करावी लागतात. दुसरं पेडल. पेटीला पेडल नसतं, त्यामुळे एकदा दाबलं की सोडायचं भान राहत नाही आणि दोन कॉर्ड एकमेकांत कालवले जातात. एवढं दोन सुधारलं आणि फुकटचा सॅलमँडर अचानक महागडा वाटायला लागला.

गिटारचं मात्र असं नाही. गिटारमध्ये पट्टीच नाही, तिथे दोन हात आहेत आणि ते वेगवेगळी कामं करतात, आणि आपण ते सगळं एका पट्टीत कोंबायला बघतोय.

नेटिव्हचीच सेशन गिटारिस्ट मालिका आहे, त्यातली स्ट्रम्ड अकूस्टिक आधी वापरली. यात सुटे सूर नाहीत, खऱ्या वादकानं वाजवलेले स्ट्रमिंगचे, म्हणजे तारांवरून हात फिरवून धरलेल्या ठेक्याचे, पॅटर्नच रेकॉर्ड केलेत, तुम्ही फक्त कॉर्ड धरायचा, खालच्या पट्ट्यांवरून पॅटर्न बदलायचा. पाच मिनिटांत गाणं उभं राहतं, खरंच. जाहिरात, जिंगल, लग्नाच्या व्हिडिओचं गाणं, एकदम बेस्ट. पण पॅटर्न सगळे तिकडच्या पॉप-फोक वळणाचे. केरव्याच्या ठेक्यावर बसतात पण वजन भलत्याच जागी पडतं, तबला एकीकडे झोका घेतोय आणि गिटार दुसरीकडे. दादऱ्याला सहा-आठचा शोधून भागवता येतं. रूपकच्या सात मात्रांना मात्र कापून जोडायला लागलं आणि जोड ऐकू येत होता, शेवटी तो भाग मी काढूनच टाकला.

मग अँपल साउंडकडे वळलो (अ‍ॅपल नव्हे, अँपल, बीजिंगची कंपनी आहे). त्यांची गिटार एम म्हणजे मार्टिन डी-४१, नायलॉनची वेगळी आहे, आणि एमचीच लाइट आवृत्ती फुकट आहे, ती घेऊन आधी हात साफ करा. इथे एकेक तार सुटी वाजते, पाम म्यूट, हॅमर-ऑन, पुल-ऑफ, स्लाइड हे वाजवायचे सगळे प्रकार कीस्विचनं, म्हणजे न वाजणाऱ्या राखीव पट्ट्या दाबून, निवडायचे, स्ट्रमिंग आपलं आपण बांधायचं, आणि कुठला सूर कुठल्या तारेवर वाजावा हेही सांगता येतं. हे शेवटचं मला आधी फालतू वाटलं होतं. पण पहिल्या मोकळ्या तारेचा सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर येतो, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या. सूर एकच, आवाज चार. मोकळी तार झगझगीत आणि चौदावा पडदा दबका, गोड. तान वाजवताना सॉफ्टवेअर मध्येच तार बदलतं आणि आपल्याला वाटतं कोणीतरी दुसराच येऊन वाजवून गेला, तिथे तार पक्की करून टाकायची.

पण त्या पोरानं पकडलं ते यातलं काहीच नव्हतं. त्यानं पकडलं ते माझं कॉर्ड धरणं. पेटीवाला सा-ग-प धरतो, एका मुठीत, तिन्ही सूर चिकटून. गिटारवर तसं नसतंच. मोकळ्या तारांचा डी कॉर्ड घ्या, खालून वर सा-प-सा-ग. मोकळा सी, सा-ग-प-सा-ग. ई, सा-प-सा-ग-प-सा. जी, सा-ग-प-सा-ग-सा, वर पंचम नाहीच. हे असंच का, कारण तारा तशा लावलेल्या आहेत आणि हाताला बोटं चारच. ही चार-पाच वळणं कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवली आणि त्याच लायब्ररीतून त्याच दिवशी गिटार यायला लागली, एक पैसा जास्त न घालता.

पुढची पायरी पट्टीची, म्हणजे गायकाच्या सा ची. आपले गायक सांगणार काळी दोन नाहीतर काळी चार. गिटारवाला काळी दोनमध्ये सरळ कधीच वाजवणार नाही, तो तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावेल आणि सीची वळणं धरेल, किंवा पहिल्यावर लावून डीची. काळी चारला पहिल्यावर कॅपो आणि जीची. तेच तुम्हीही करा, लायब्ररीत कॅपोची सोय असेल तर ती लावा नाहीतर वळण तसंच ठेवून ट्रान्सपोज करा, म्हणजे सगळे सूर सारखेच वर सरकवा, नुसता मेजर कॉर्ड दाबलात तर गायकाला कळणार नाही पण कानाला खटकत राहील. आणि सगळ्या तारा एकदम वाजवू नका, हात वरून खाली जायला वेळ लागतो, खालचा झटका खर्जाकडून, वरचा उलटा आणि वरच्या झटक्यात तीन-चारच तारा लागतात, खर्जापर्यंत हात पोचतच नाही.

डावी-उजवीकडे दोन गिटारी हव्या असतील तर एकच ट्रॅक कॉपी करून ठेवू नका, तो मधेच ऐकू येतो. दोनदा वाजवा, दुसऱ्यांदा कॅपो बदलून दुसऱ्या वळणात. आणि प्रत्येक लायब्ररीतला रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) बंद करून सगळ्यांना एकाच खोलीत पाठवा, नाहीतर पियानो बर्लिनमध्ये आणि गिटार तुमच्या कानाशी.

मींड अजून जमलेली नाही. स्लाइड आहेत, सूर खालीवर करायचं कीबोर्डवरचं चाक म्हणजे पिच व्हील आहे, पण गंधारावरून रिषभावर रेंगाळत उतरायचं असेल तर स्लाइडमध्ये पडदे ऐकू येतात आणि व्हीलनं केलं तर सॅम्पल ताणल्यासारखं वाटतं. भावगीताच्या मधल्या म्युझिकमध्ये हवाईयन गिटार असायची तसलं काही करायचं डोक्यात असेल तर सरळ माणूस बोलवा. इलेक्ट्रिकबद्दल फार लिहीत नाही, ती मला कमी लागते, पण डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, चढवलं की सॅम्पलच्या बऱ्याच खोड्या झाकल्या जातात, श्रेडेजसारख्या लायब्रऱ्या अँपशिवाय सरळ वायरमधून रेकॉर्ड केलेल्या असतात, अँप आपण निवडायचा.

एक गिटार लायब्ररी घेऊन फसलोही, नाव घेत नाही. तीन रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड, मग अ‍ॅक्टिव्हेशन होईना, मेलला उत्तर नाही, पंधरा दिवसांनी झालं तेव्हा ते काम दुसऱ्यानं करून दिलेलं होतं. डेमो उतरवून स्वतःच्या मशीनवर वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि सेलची वाट बघा, नोव्हेंबरात बहुतेक सगळ्यांचा असतो.

सांगायचं तर पियानोसाठी खिशात हात घालायची घाई नाही, सॅलमँडर आणि सॉफ्ट पियानोवर वर्षभर मजेत निघतं, नॉयर हौस म्हणून घ्या. गिटारसाठी पैसे ठेवा, रोजच्या भराव्याला स्ट्रम्ड अकूस्टिक, आणि गिटार पुढे येऊन बोलायची असेल तर अँपल.

यंदाच्या एकांकिकेलाही लाइटला तोच पोरगा आहे. परवा तालमीत नवा ट्रॅक लावला, काही बोलला नाही. मीच न राहवून विचारलं, गिटार कशी वाटली? तर म्हणे, "गिटार होती का? मी क्यू बघत होतो."