१० जीबी होस्टिंग, आठ महिन्यांनंतर: जागा नेमकी कुठे जाते

हा अनुभव १० जीबी एसएसडी जागेच्या शेअर्ड होस्टिंग प्लॅनचा, म्हणजे अनेक साइट असलेल्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेचा आहे. त्यावर वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरची एकच साइट, पाच ईमेल खाती आणि महिन्याला साधारण ४० नवे फोटो. पहिल्या दिवशी सगळं मिळून ०.९ जीबी भरलं होतं. सहाव्या महिन्यात प्लॅन काठोकाठ भरला, आणि तेव्हाही खुद्द साइट डेटाबेस धरून २.४ जीबीचीच होती. बाकीची जागा बॅकअपच्या झिप फाइली आणि मेलबॉक्समध्ये साठलेल्या अटॅचमेंट यांनी खाल्ली. साइटच्या त्या २.४ जीबीतलाही मोठा वाटा फोटोंच्या जादा प्रतींचा. त्यामुळे प्लॅन घेताना पानं किती आहेत हे मोजून काही हाती लागत नाही.

फोटोंचंच बघा. मोबाइलवर काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा, ४.१ एमबीचा एक फोटो अपलोड केला, की वर्डप्रेस मूळ फाइल तशीच ठेवतं. शिवाय २५६०, २०४८, १५३६, १०२४, ७६८ आणि ३०० पिक्सेल रुंदीच्या प्रती करतं, आणि वर १५० बाय १५० चा चौकोनी तुकडा. एका फोटोच्या आठ फाइली झाल्या, बेरीज साधारण ६ एमबी. थीमने (साइटच्या रूपाचा साचा) किंवा ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) आपले आकार नोंदवले असतील, तर त्या वेगळ्या. यातली ४.१ एमबीची मूळ फाइल एरवी पानावर दिसतच नाही. ती नुसती पडून राहते. अपलोड करण्याआधी रुंदी १६०० पिक्सेल आणि क्वालिटी ८० ठेवून फोटो सेव्ह केला, की तो ३०० केबीच्या आसपास येतो, आठऐवजी सहा फाइली होतात आणि अख्खा संच एक एमबीच्या आत बसतो. या एका सवयीने महिन्याची वाढ २४० एमबीवरून ४० एमबीवर आली. फोटो लहान करणाऱ्या प्लगइनवर मात्र विसंबू नका. त्यातले बरेचसे मूळ प्रत जपून ठेवतात आणि वेबपी या हलक्या फोटो-प्रकाराची नवी प्रत शेजारी बनवतात. पान हलकं होतं, डिस्क उलट जड होते.

आता बॅकअप, जिथे प्लॅन प्रत्यक्षात अडकला. सहाव्या महिन्यातला हिशोब असा: साइट २.४ जीबी, मेल २.४, कॅशे (पानांच्या तयार ठेवलेल्या प्रती) आणि लॉग (सर्व्हरच्या नोंदी) अर्धा जीबी, आणि त्याच डिस्कवर ठेवलेले दोन बॅकअप प्रत्येकी २.२ जीबीचे. एकूण ९.७. जेपीईजी फोटो आधीच दाबलेले असतात, त्यामुळे झिप केल्याने आकार फारसा घटत नाही. ‘फक्त दोन बॅकअप ठेवा’ अशी सेटिंग होती, पण बॅकअपचं प्लगइन जुना बॅकअप नवा पूर्ण झाल्यावरच काढतं. ते योग्यच आहे, पण त्यासाठी काही वेळ तिसऱ्या प्रतीला जागा लागते. ती नव्हती. बॅकअप अर्धवट राहिला आणि त्या अर्ध्या फाइलने उरलेली जागाही व्यापली.

डिस्क भरली की साइट लगेच बंद पडत नाही, म्हणून दुखणं उशिरा कळतं. पानं दिसत राहतात. पण फोटो चढत नाही, येणारं मेल पाठवणाऱ्याकडे परत जातं, कधी लॉगिनही होत नाही. अशा वेळी दोन गोष्टी अजिबात करू नका: प्लगइन अपडेट करू नका, आणि होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलच्या एडिटरमध्ये साइटच्या सेटिंगची कॉन्फिग फाइल उघडून सेव्ह करू नका. लिहायला जागा नसेल, तर जुना मजकूर पुसला जाऊन फाइल शून्य बाइटची होऊ शकते, आणि मग साइट खरोखरच बंद पडते. आधी जुने बॅकअप आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मगच सर्व्हरवरून काढा. सीपॅनल या पॅनलच्या फाइल मॅनेजरमधून काढलेली फाइल ट्रॅशमध्ये जाते आणि ट्रॅश तुमच्याच जागेत मोजला जातो. आकडा खाली आला नाही, तर आधी ट्रॅश रिकामा करा.

मेल किती वेगाने जागा खातं, हे कुणी आधी धरत नाही. पाच खात्यांनी मिळून महिन्याला ४०० एमबी घेतले. अटॅचमेंट मेलमध्ये साठताना मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि तीच फाइल पाच जणांना गेली तर पाचदा साठते. पाठवलेल्या मेलचं फोल्डर सगळे विसरतात. प्रत्येक खात्याला ५०० एमबीची मर्यादा घातली आणि जुनं मेल उतरवून घेतलं, तेव्हा २.४ जीबीचे १.१ झाले. शक्य असेल तर मेल वेगळ्या सेवेवरच ठेवा. डिस्क भरली तर निदान मेल तरी चालू राहील.

जीबीइतकाच फाइलींचा आकडाही बघा. पॅनलमध्ये तो इनोड या नावाने दिसतो. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, सर्व्हरवरचं प्रत्येक मेल म्हणजे एक इनोड. या प्लॅनची मर्यादा दीड लाख होती आणि वापर ९६ हजारांवर गेला. त्यातले ३१ हजार एकट्या कॅशे फोल्डरचे, कारण पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून काही जोडलेलं असलं की कॅशे प्लगइन त्याला वेगळं पान समजत होतं. ‘अनलिमिटेड’ जागेच्या प्लॅनमध्ये खरी भिंत बऱ्याचदा हीच असते. घेण्याआधी हा आकडा विचारा.

बँडविड्थ, म्हणजे साइटवरून वाचकांकडे जाणारा डेटा, हा वेगळा हिशोब आहे. २ एमबीचं पान १० हजार वेळा उघडलं तर २० जीबी, डिस्कवर साइट केवढीही असो.

आता बॅकअप दुसऱ्या ठिकाणी जातात आणि आठव्या महिन्याअखेर पॅनल ३.९ जीबी दाखवतं. हा आकडा पाहून ५ जीबीचा स्वस्त प्लॅन पुरेल असं वाटतं. पुरणार नाही. बाहेर पाठवायचा बॅकअपही आधी इथेच झिप होतो, म्हणजे त्या रात्री आणखी सव्वादोन जीबी लागतात आणि वापर सव्वासहाच्या आसपास जातो. प्लॅन त्या रात्रीच्या आकड्यावर ठरवा, आणि त्यावर निदान पाव जागा मोकळी राहील असं बघा. या साइटला १० जीबीच बरोबर आहे.