दंडावरचा शुगर सेन्सर: चौदा दिवस लावून बघितला

दोन वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. भात जवळजवळ सोडला, चहा बिनसाखरेचा, रोज सकाळी कामावर जायच्या आधी पुण्यातली पर्वती टेकडी चढते, १०३ पायऱ्या. तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c, टक्क्यांत) ७.४, ७.६, परत ७.४. आईला शेवटची सहा वर्षं साखरेमुळे दिसत नव्हतं, तिला मी हाताने भरवलंय. त्यामुळे तो आकडा बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणाले, एकदा सेन्सर लावून बघू या. मी त्याच दिवशी मागवला. साडेचार हजारांच्या आसपास पडला.

पेढ्याएवढी चपटी चकती असते. दंडाच्या मागच्या बाजूला ठेवून दाबली की केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो. लावताना टिचकी मारल्यासारखं वाटलं, बस. पहिला तासभर तो आकडा दाखवत नाही. पहिल्या दिवशीचे आकडे फारसे मनावर घेऊ नका असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं: बोटाच्या सुईने १३१, सेन्सरवर १०४. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बऱ्यापैकी जुळायला लागलं. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. साखर झरझर चढत-उतरत असताना हा फरक जास्त दिसतो.

पैसे वसूल झाले ते चौथ्या दिवशी. संकष्टी होती. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पतसंस्थेत खुर्चीवर जाऊन बसले. दीड तासाने मोबाइल बघितला तर २३८. उपवास म्हणजे पोटाला विश्रांती असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आता संकष्टीला वरीचे तांदूळ की राजगिरा, हेही मोजून ठरवणार आहे.

मग मी मुद्दाम एक प्रयोग केला. लागोपाठ दोन रात्री अगदी तेच जेवण: दोन ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वाटीभर आमटी. पहिल्या रात्री जेवून मालिका बघत बसले, साखर १९६ पर्यंत गेली. दुसऱ्या रात्री ताट उचललं आणि ह्यांना घेऊन वीस मिनिटं चालून आले. पळत नाही, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्याच वेगाने. त्या रात्री १५२ च्या वर गेली नाही. मोबाइलवरची ती बुटकी रेघ बघून मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवली.

आणि सकाळची पर्वती? चढायच्या आधी ११८, उतरून आल्यावर १४६. मी घाबरले, व्यायामाने साखर वाढते की काय! डॉक्टरांनी समजावलं की पहाटे यकृत साखर सोडतच असतं, त्यात दम लागेल असं चढलं की अजून सोडतं. ते घातक नाही, पर्वती सोडायची नाही. हृदयाला, वजनाला, इन्सुलिन नीट वापरलं जायला तिचा उपयोग आहेच. पण जेवणानंतरची चढ कापायची तर जेवणानंतरच चालायला हवं. चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची तितकी वाट बघावी लागत नाही. हे मला दोन वर्षांत कुणी इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

आता तक्रारी. ब्लाउजची बाही चकतीच्या कडेला घासते. नवव्या दिवशी पर्वतीवर घाम आला आणि एक कड सुटली. वर चिकटपट्टी लावून पुढचे दिवस काढले. लावताना बाहीच्या शिवणीपासून दूर जागा बघा. दुसरं म्हणजे रात्री तीनला ५८ असा आकडा आणि घंटा. घाम नाही, थरथर नाही. बोटाला सुई टोचली तर ९६. त्या कुशीवर झोपले होते, दंड दाबला की आकडा खोटा उतरतो. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं, ठळक छापायला हवं होतं. म्हणून घरात साधं ग्लुकोमीटर पाहिजेच. आकडा अंगातल्या लक्षणांशी जुळत नसेल तर सुईवर विश्वास ठेवा. एमआरआय असेल तर सेन्सर काढावा लागू शकतो, हेही आधी विचारून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांना सततचा सेन्सर लागू शकतो, साखर खाली गेल्याचं त्यांना लगेच कळायला हवं, आणि चालण्याची वेळही त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदलावी. माझ्यासारख्या गोळीवाल्यांनी दर पंधरवड्याला एवढे पैसे घालायची गरज नाही. एकदा लावा, रोजचंच जेवा, काय खाल्लं आणि कधी चाललात ते वहीत लिहा, मग ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर परत या. मी तेच केलंय. पायात चपलेऐवजी बूट घालून रात्री पावणेनऊला निघते, आठवड्यातून सहा दिवस. तीन महिन्यांची शुगर परवा आली, ६.८. दुसरा सेन्सर दिवाळीत लावणार आहे, चकली आणि अनारशाच्या दिवसांत.