जोडधंद्याचा खर्च दाखवायचा की अंदाजित नफा?

दिवसभर कुपवाड एमआयडीसीत नोकरी आणि संध्याकाळी विश्रामबागेतल्या घरी बाहेरच्या वर्कशॉपची ड्रॉइंग, असं सांगलीत बरेच इंजिनिअर करतात. मीही त्यातलाच. रिटर्न भरायची वेळ आली की प्रश्न ठरलेला असतो. लॅपटॉप, पेट्रोल, इंटरनेट एकेक करून वजा करायचं, की अंदाजित नफा (म्हणजे कमाईचा कायद्यानं ठरवलेला टक्का नफा धरायचा) दाखवून मोकळं व्हायचं?

आधी एक घोळ मिटवू. पगारातून यातलं काहीच वजा होत नाही. कंपनीत जायचं पेट्रोलसुद्धा नाही. नव्या करप्रणालीत ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, तेवढंच. खर्च वजा होतो तो जोडधंद्याच्या कमाईतून, आणि तो नव्या-जुन्या दोन्ही प्रणालींत होतो.

आता गणित. पगार ९,७५,०००, ड्रॉइंगची कमाई ४ लाख. खरा खर्च असा: जूनमध्ये फक्त याच कामासाठी घेतलेला ८०,००० चा लॅपटॉप, त्यावर ४० टक्के घसारा (वापरानं घटलेली किंमत) म्हणजे ३२,०००, सॉफ्टवेअर ४०,०००, गिऱ्हाइकांकडे जायचं पेट्रोल १५,०००, घरच्या इंटरनेटचा अर्धा वाटा ४,८००. एकूण ९१,८००. म्हणजे नफा ३,०८,२००, आणि ७५,००० वजा जाऊन उरलेल्या ९ लाख पगारासह करपात्र उत्पन्न १२,०८,२००. १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट थोडक्यात हुकते, आणि २०२५-२६ च्या दरांनी ८,२०० रुपये कर अधिक सेस भरावा लागतो.

इंजिनिअरिंगसारख्या व्यवसायाला (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४ एडीए) अर्धी कमाई नफा धरता येते. मग नफा २ लाख, एकूण ११ लाख, कर शून्य. बिलंही जपायला नकोत. सेवेच्या कामात खर्च निम्म्यापर्यंत क्वचितच जातो, म्हणून मी हीच वाट धरली. खर्च निम्म्याहून जास्त दाखवायचा असेल, तर आपल्यासारख्या पगारदाराला वहीखातं आणि ऑडिट दोन्ही आलं.

मार्केट यार्डातून हळद घेऊन घरी पावडर विकणाऱ्याचं वेगळं आहे. त्याला छोट्या धंद्यांसाठीचं कलम ४४ एडी लागू होतं: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. ९ लाखांची विक्री सगळी यूपीआयनं झाली, तर किमान नफा ५४,००० धरायचा. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हळद चढ्या भावानं घेतली आणि भाव पडला, तर खरा हिशेब मांडण्याचा मोह होतो. पण तो तोटा पगारातून वजा होत नाही. वेळेत रिटर्न भरलं तर पुढची ८ वर्षं धंद्याच्याच नफ्यातून वळता करता येतो. शिवाय ४४ एडीतून मध्येच बाहेर पडलं की पुढची ५ वर्षं परत येता येत नाही. एका वाईट हंगामासाठी हे परवडत नाही.

विमा एजंट आणि दलालीवाल्यांसाठी ही निवडच नाही. कमिशनच्या कमाईला ४४ एडी चालत नाही, त्यामुळे खरा खर्चच दाखवायचा. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रोज लिहा. मी सुरुवातीची दोन वर्षं खर्च दाखवत होतो, आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या चपलेच्या खोक्यात साठवल्या होत्या. मार्चमध्ये खोकं उघडलं तर निम्म्या पावत्या कोऱ्या. त्या कागदावरची शाई उडते. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढला असता तर हजारो रुपयांचा खर्च वाया गेला नसता. गाडीत एक छोटी वही ठेवा: तारीख, कुठे, कुणाकडे, किती किलोमीटर. आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च नामंजूर होतो.

आगाऊ कराचाही (वर्ष संपण्याआधीच भरायच्या कराचा) फरक पडतो. अंदाजित पद्धतीत सगळा १५ मार्चपर्यंत एकदम चालतो. खर्च दाखवणाऱ्याला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा सांभाळाव्या लागतात. मात्र कंपनीला जोडधंद्याचं उत्पन्न आधीच कळवलं, तर ती पगारातूनच जास्त टीडीएस कापते आणि तारखांची धावपळ वाचते.