मामिया सिक्स (मॉडेल ४): आठ महिने, सोळा रोल

मामिया सिक्स हा जुना जपानी घडीचा (फोल्डिंग) फिल्म कॅमेरा. सोळा रोल म्हणजे १९२ फोटो, त्यातले लोकांना दाखवण्यासारखे चाळीस असतील नसतील. तरी लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मला हे कोणी सांगितलं असतं तर एक अख्खा रोल वाया गेला नसता.

मी तोक्योत निशी-कासाईला राहतो (अर्ध्या बिल्डिंगमध्ये आपलेच भारतीय लोक). एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात 'जंक' लिहिलेल्या टोपलीत हा पडला होता. इथे जंक म्हणजे मोडकाच असं नाही, चालला तर तुमचं नशीब, परत आणायचा नाही एवढंच. लेन्स ऑलिंपसची झुईको, ७५ एमएम एफ ३.५, आत फारशी बुरशी नाही, खटकन उघडतोय, पैसे दिले आणि निघालो.

पहिला रोल डेव्हलप केला तर विचित्रच प्रकार. एका फ्रेममध्ये डावी बाजू शार्प, दुसरीत फक्त मधलं, तिसरीत काहीच नाही. आधी रेंजफाइंडरला (फोकससाठी अंतर जुळवायच्या यंत्रणेला) शिव्या घातल्या, मग लेन्सला, मग स्वतःच्या चष्म्याला. शेवटी मागचं झाकण उघडून नीट बघितलं तर फिल्म मागून सपाट दाबून धरणारी प्रेशर प्लेटच गायब! बहुतेक फोल्डिंग कॅमेऱ्यात ती झाकणालाच बसवलेली असते, यात सुटी निघते, आणि सुटी निघणारी वस्तू सत्तर वर्षांत हरवणारच की. ती प्लेट मिळवायला दुसरा एक जंक मामिया घ्यावा लागला. प्लेट बदलल्यावर फिल्मच्या जागी दुधी टेप लावून त्यावर पडणारं चित्र बघून फोकस तपासला, नशिबाने जुळला. तेव्हा घेताना आधी झाकण उघडा, लेन्सबिन्स नंतर बघा.

आता खरी गंमत. यात फोकस करताना लेन्स हलतच नाही, आतली फिल्म मागेपुढे होते! मामिया सेइची यांनी १९४० मध्ये पहिला मामिया सिक्स काढला तोच या आयडियावर. स्वस्तातल्या फोल्डिंगमध्ये लेन्सची पुढची काच फिरवून फोकस करतात, जवळचं घ्यायला गेलं की फोटो मऊ पडतो. इथे लेन्सच्या काचा जागच्या जागी. आणि चाक मागच्या बाजूला बरोबर उजव्या अंगठ्याखाली, डोळा व्ह्यूफाइंडरला तसाच ठेवून अंगठ्याने फिरवायचं, दोन प्रतिमा एकावर एक आल्या की थांबायचं. थंडीत ग्लोव्हज घालूनही जमतं. या एका चाकासाठी बाकी सगळं माफ.

बाकी सगळं म्हणजे काय, तर शटर लेन्सपाशी बोट नेऊन हाताने कॉक करायचं (ताणून तयार ठेवायचं), जे ऐन वेळी हमखास विसरतं. एक सेकंदाचा स्पीड अडकतो. बेलोजच्या (लेन्स आणि बॉडीमधल्या घडीच्या भात्याच्या) कोपऱ्याला एक भोक होतं, अंधारात बाथरूममध्ये बसून आत मोबाईलचा टॉर्च सोडला तेव्हा दिसलं, काळा फॅब्रिक पेंट लावून बुजवलं. आणि झटक्यात उघडू नका, बेलोज हवा ओढतं आणि फिल्म पुढे फुगते, म्हणून मी आधी सावकाश उघडतो, मगच फिल्म पुढे घेतो.

जानेवारीत आईबाबा आले होते तेव्हा अराकावा नदीच्या बांधावर बाबांचा फोटो काढला. अंतर, उजेड, शटर सगळं जुळवेपर्यंत "अरे काढलास का एकदाचा, गारठलो मी!" फोटोत चेहरा तोच, वैतागलेला. पण ५६ बाय ५६ एमएमची निगेटिव्ह, ३५ एमएमच्या साडेतीन पटीहून मोठी, स्कॅन केल्यावर मफलरचे सुटलेले धागे मोजता येतात आणि मागचा पूल नुसता धूसर राखाडी. फिल्म आक्रोस २, फुजीची म्हणून कौतुकाने घेतली तर डब्यावर मेड इन यूके, असो.

प्लेट काढून घेतलेला दुसरा मामिया ड्रॉवरमध्ये पडून आहे. बायकोला सांगितलंय स्पेअर पार्ट म्हणून ठेवलाय. त्याचं शटर याच्यापेक्षा चांगलं चालतं आणि मी आता आणखी एक प्लेट शोधतोय, हे अजून सांगितलेलं नाही.