कन्सोल सर्व्हरची पोर्ट सेटिंग: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सोळा आरजे-45 पोर्टचा (नेटवर्क केबल बसते तसा जॅक), आत लिनक्स चालणारा कन्सोल सर्व्हर, म्हणजे इतर यंत्रांच्या सिरियल कन्सोलला तारेने जोडून त्यांच्यावर दुरून काम करू देणारा डबा, आता बरेच महिने एका मिश्र रॅकवर चालू आहे. सिस्को आणि अरिस्टाचे स्विच, एक ज्युनिपर, फोर्टिगेट फायरवॉल आणि काही लिनक्स सर्व्हर त्याला जोडलेले आहेत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक उपकरणांचं पोर्टच्या सेटिंगचं पान थोड्याफार फरकाने सारखंच असतं. उपकरण भरवशाचं आहे. खरा घोळ होतो तो हे पान अर्धवट भरल्याने. प्रॉम्प्ट दिसला म्हणजे पोर्ट झाला, असं धरू नका. समोरचं यंत्र बंद करून चालू केल्यावर पहिल्या ओळीपासून सगळं दिसतं का, टाइप केलेलं पोचतं का आणि ब्रेक (सिरियल तारेवरून यंत्राला दिलेला खास थांब-इशारा) जातो का, हे तिन्ही बघितल्यावरच पोर्टवर विसंबावं.

वेग (सेकंदाला किती बिट) समोरच्या यंत्रावरून ठरतो. सिस्को, अरिस्टा, ज्युनिपर, फोर्टिगेट हे सगळे मूळ सेटिंगमध्ये 9600, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही, एक स्टॉप बिट. अरुबा सीएक्स आणि मायक्रोटिकचे राउटरबोर्ड 115200 वर असतात, लिनक्स सर्व्हरही बहुधा तिथेच. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर आनंद माना: वायरिंग बरोबर आहे, फक्त वेग चुकलाय. काहीच आलं नाही तर केबल किंवा फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगण्याची सोय) तपासा. सर्व्हरच्या बाबतीत बायोस, बूटलोडर आणि कर्नल या सुरू होण्याच्या तिन्ही टप्प्यांवर एकच वेग हवा. बायोस 115200 वर आणि कर्नल 9600 वर असेल, तर बायोसचे संदेश स्वच्छ दिसतात आणि नेमकं बूट अडकतं तिथून पुढे कचरा सुरू होतो.

स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे 9600 वर सेकंदाला 960 अक्षरं. एक एमबीचं डायग्नोस्टिक आउटपुट यायला साधारण 18 मिनिटं, 115200 वर दीड. ज्या यंत्रांवर वेग वाढवता येतो तिथे तो दोन्ही टोकांना वाढवून ठेवणं फायद्याचं. सिस्कोच्या जुन्या राउटरवर मात्र जपून, तिथे वेगाचे बिट कन्फिग रजिस्टरमध्येही (राउटर सुरू होताना वाचतो तो अंक) असतात. हेक्स 2102 च्या जागी 2122 पडलं तर कन्सोल 19200 वर जातो आणि केबल खराब झाल्यासारखं वाटतं.

फ्लो कंट्रोल बंद ठेवा. आरटीएस-सीटीएस (वेगळ्या तारांवरून चालणारं फ्लो कंट्रोल) चालू केलं आणि समोरून सीटीएसची तार उचललीच जात नसेल, तर आउटपुट दिसत राहतं पण आपलं एकही अक्षर बाहेर जात नाही. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल असेल तर चुकून दाबलेलं कंट्रोल-एस सत्र गोठवतं, कंट्रोल-क्यूने सुटतं.

आउटपुट दिसतंय पण टाइप होत नाही, याचं आणखी एक कारण सिस्कोच्या अनेक कॅटॅलिस्ट स्विचवर सापडतं. यूएसबी कन्सोलला कोणी लॅपटॉप लावून ठेवला की आरजे-45 वरून इनपुट घेणं बंद होतं, आउटपुट मात्र दोन्हीकडे येतं. स्विचच्या कन्फिगमध्ये ‘लाइन कन्सोल’खाली मीडिया टाइप आरजे-45 वर पक्का करून ठेवला की हा प्रश्न मिटतो.

केबलचं बघताना आधी कन्सोल सर्व्हरच्या पोर्टचा पिनआउट (कोणत्या पिनवर कोणती तार) बघा. तो ‘सिस्को स्ट्रेट’ असेल तर साधी पॅच केबल पुरते, नाहीतर रोलओव्हर, म्हणजे तारा उलट क्रमाने जोडलेली केबल लागते: 1 ची तार 8 ला, 3 ची 6 ला. काही मॉडेलमध्ये हे सेटिंगमधूनच बदलता येतं आणि खरेदी करताना या सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. अडॅप्टरांची पिशवी सांभाळण्याचा ताप वाचतो.

पोर्टचा मोड ‘कन्सोल सर्व्हर’ असावा, ‘टर्मिनल’ किंवा ‘लॉगिन’ नको. लिनक्स सर्व्हरवर आधीच लॉगिन प्रोग्राम चालू असतो. इकडेही चालू केला तर दोघं एकमेकांचा प्रॉम्प्ट युजरनेम समजून उत्तर देत बसतात आणि लॉग भरत जातो.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सेटिंग म्हणजे पोर्ट लॉगिंग. स्विच मध्यरात्री स्वतःहून रीबूट झाला, तर क्रॅशचे शेवटचे संदेश बऱ्याचदा फक्त सिरियलवर येतात. कोणी जोडलेलं नसताना ते पकडणारं दुसरं काही नसतं. लॉग आतल्या मेमरीत न ठेवता बाहेरच्या सिसलॉग (लॉग गोळा करणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा आणि घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारं एनटीपी लावा, वेळ चुकीची असेल तर लॉगचा अर्धा उपयोग गेला. लॉगमध्ये फक्त यंत्राकडून येणारं घ्या. पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाहीत, पण टाइप केलेलंही लॉग केलं तर ते सरळ फाइलमध्ये जातात.

प्रत्येक पोर्टला नाव द्या, रॅक आणि यू क्रमांकासह (रॅकमधली उंचीची जागा). ‘पोर्ट 7’ वरून घाईत चुकीचं यंत्र रीबूट होतं. एसएसएच (एन्क्रिप्टेड लॉगिन) चालू, टेलनेट (एन्क्रिप्शन नसलेलं लॉगिन) आणि बिनपासवर्डचा रॉ टीसीपी (पोर्टला थेट जोडणी) बंद.

सत्र सोडलं तरी समोरच्या यंत्रावरचं लॉगिन तसंच राहतं, पुढचा माणूस थेट ॲडमिन प्रॉम्प्टवर उतरतो. ज्युनिपरवर केबल निघताच लॉगआउट करण्याची सेटिंग आहे, पण ती सिग्नलच्या तारेवर अवलंबून असल्याने तीन तारांच्या केबलवर विसंबू नका. सिस्कोवर दहा मिनिटांचा मूळ टाइमआउट आहे; तो शून्य करण्याचा मोह टाळा.

ब्रेक नीट तपासा. सिस्कोचा पासवर्ड परत मिळवताना चालू झाल्यापासून साठ सेकंदांत ब्रेक पोचावा लागतो, मग रजिस्टर 2142 करायचं, म्हणजे साठवलेलं कन्फिग वगळून यंत्र सुरू होतं. ओपनएसएसएचमधून ब्रेक पाठवायला नवीन ओळीवर टिल्ड (~) आणि मोठा बी. कन्सोल सर्व्हरचं एस्केपही (त्याला स्वतःला आज्ञा देण्याचं चिन्ह) टिल्डच असेल तर टिल्ड दोनदा द्यावा लागतो, किंवा एस्केप बदलून टाका. उलट जुन्या स्पार्क सर्व्हरच्या पोर्टवर ब्रेक चुकूनही जाता कामा नये, सोलारिस थांबून ओके प्रॉम्प्टवर येतं.

कन्सोल सर्व्हरचं लॉगिन टॅकॅक्सवर (पासवर्ड तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर) असेल तर स्थानिक खात्याची पर्यायी वाट चालू आहे ना, ते टॅकॅक्स सर्व्हरकडे जाणारी केबल काढून बघा. नेटवर्क पडलेलं असतानाच हा डबा लागतो आणि तेव्हा टॅकॅक्सही पोचत नसतो.