परळचं बैलघोडा हॉस्पिटल: आमच्या ठमीच्या आजारपणात आलेला अनुभव

बैलघोडा म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे बैल, घोडे आणि फार तर कुत्री. मांजर कोण नेतं तिथे? मी नेलं. पुन्हा वेळ आली तर तिथेच नेईन, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची ठमी तिरंगी, सात वर्षांची, अभ्युदय नगरात आमच्या घरातच वाढलेली. मे महिन्यातल्या एका दुपारी कपाटावरून उतरताना धपकन पडली. उठायला गेली तर डावीकडे लोळली, पुन्हा उठली, पुन्हा डावीकडेच. मान डाव्या खांद्याकडे कललेली, तोंडातून लाळ. जवळ जाऊन बघितलं तर बुबुळं जागेवर नव्हती. दोन्ही डोळे झटक्याने उजवीकडे जायचे, हळूच परत यायचे, लगेच पुन्हा झटका. थांबतच नव्हते. मला बघून म्याव करत होती, पण माझ्यापर्यंत येता येत नव्हतं. सकाळी हीच मांजर खिडकीत बसून कबुतरांवर डोळा ठेवून होती.

आधी घराजवळच्याच एका खासगी क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघितलं आणि म्हणाले, मेंदूचा झटका आहे, वाचली तरी अशीच राहणार, काय ते विचार करून ठरवा. काय ठरवायचं ते माझ्या मुलीला कळलं आणि ती तिथेच रडायला लागली. ठमीला तोवर हातसुद्धा लावलेला नव्हता. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तपासून वाईट बातमी दिली असती तर मी ऐकून घेतली असती.

टॅक्सी केली आणि परळला गेलो. केईएम, टाटा, वाडिया या माणसांच्या हॉस्पिटलांच्या गर्दीत आचार्य दोंदे मार्गावर हे जनावरांचं हॉस्पिटल आहे. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगायचं. साकरबाई म्हणजे गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांच्या पत्नी. प्राण्यांवरचे अत्याचार रोखण्यासाठी मुंबईत 1874 साली जी संस्था निघाली, तिचं हे हॉस्पिटल. त्याच 1874 मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. सगळं शहर तेव्हा बैलांच्या आणि घोड्यांच्या जिवावर चालायचं, हे लक्षात घेतलं की हॉस्पिटलच्या बोलीतल्या नावाचं नवल वाटत नाही. 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही याच आवारात आहे. माझे सासरे गिरणीत होते, त्यांच्या तोंडी हे नाव कायम असायचं.

केसपेपर काढला, नंबर आला. तपासायला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी आधी ठमीला टेबलावर टॉवेलमध्ये नीट बसवलं, एका हाताने छातीखाली आधार दिला आणि मग मला विचारायला सुरुवात केली. "ताई, हल्ली हिच्या कानात काही औषध घातलंत? कान साफ केला होता? कुठून पडली होती का? कच्चे मासे देता का?" मी मांदेली उकडूनच घालते, तसं सांगितलं. नुसत्या कच्च्या मासळीवर मांजर ठेवलं तर बी-वन जीवनसत्त्व कमी पडून असाच तोल जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे कोळणीकडून आणलेली कच्ची मासळी तशीच मांजरापुढे टाकणारे कितीतरी जण आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ठमीचा पुढचा पाय उचलला, पंजा उलटा दुमडला आणि पंजाची वरची बाजू टेबलाला टेकवली. ठमीने तो चटकन सरळ केला. दुसरा पाय, तसंच. मागचे दोन्ही, तसंच. डॉक्टर म्हणाल्या, "हे चांगलं आहे. मेंदूत बिघाड असता तर पाऊल असं लगेच सरळ करणं बहुधा जमलं नसतं. आणि डोळे आडवे हलतायत, उभे नाहीत, तेही चांगलं." कानात लाइट घालून पडदा बघितला, आत पू नाही, गाठ नाही. रक्त घेतलं, त्याचा रिपोर्टही पुढे नॉर्मल आला.

आजाराचं नाव त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं, इडिओपॅथिक व्हेस्टिब्युलर सिंड्रोम. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती एका बाजूने अचानक बंद पडते. मी विचारलं, कशामुळे? त्या म्हणाल्या, "कारण सापडत नाही, ताई. कान, मार, औषध, संसर्ग, यातलं काही दिसलं नाही की मग आम्ही हे नाव देतो. पण तो पुढे कसा जातो ते आम्हाला माहीत आहे. पहिले दोन-तीन दिवस वाईट, मग उतार पडतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मांजरं बरी होतात. काहींची मान थोडी तिरकी राहते. उतार पडला नाही तर मात्र आपल्याला पुढच्या तपासण्या कराव्या लागतील."

'सापडत नाही' असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला हवा होता. कारण ठाऊक नसताना अर्धांग म्हणून मोकळं होणं सोपं होतं, नाहीतर पिशवीभर औषधं लिहून देणं. इथे मळमळ थांबवायला मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं आणि कातडीखाली सलाइन दिलं, बस. स्टिरॉइड देणार का, असं मी विचारलं, तर त्याची गरज नाही म्हणाल्या.

बाकीची सगळी शुश्रूषा घरची. एकच खोली, जमिनीवर गोधडी, गॅलरीचं दार बंद, कपाटावर चढायला वाव नाही. शू-शीचा ट्रे अगदी बुटक्या काठाचा. रात्री बारीक दिवा चालू, कारण कान साथ देत नसताना मांजर डोळ्यांनी तोल सावरतं. भरवायचं हातात धरून, पण उचलून गरगर फिरवायचं नाही. सासूबाईंनी मीठमोहरीने तिची दृष्ट काढली, मी काढू दिली. त्यांचाही जीव तिच्यात अडकलाय. शेजारच्या काकूंनी मात्र अर्धी क्रोसिन पाजायला सांगितली होती, ते मी करू दिलं नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात नीट मोडत नाही, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. हे प्रत्येक मांजरवाल्याने घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

तिथे जाणाऱ्यांनी एवढं करा. पिंजऱ्यावर किंवा बास्केटवर ओढणी टाकून न्या, शेजारी कुत्री बसलेली असतात आणि आधीच घाबरलेल्या मांजराला ती दिसायला नकोत. घरी दिसलेली लक्षणं मोबाइलवर शूट करून ठेवा, डोळ्यांचा मी काढलेला व्हिडिओ डॉक्टरांनी दोनदा बघितला. वेळा आधी फोन करून विचारा आणि हातात सवड ठेवून जा. केसपेपर जपून ठेवा.

ठमी आता पळते, कपाटावरही चढते, मान किंचित डावीकडे असते. फेरतपासणीला त्याच डॉक्टर भेटल्या, त्यांनी पुन्हा चारही पंजे उलटे करून बघितले. तुमच्या मांजराचे डोळे वरखाली हलत असतील, ते एखादा पाय ओढत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर मात्र त्याला आमच्या ठमीचाच आजार समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी न्या. ठमीची लस पुढच्या महिन्यात आहे, तीही मी परळलाच देणार आहे.