फॉर्मला कॅप्चा कोणता लावावा: हनीपॉट, चित्रं, स्कोअर की टर्नस्टाइल?

क्लासचा चौकशी फॉर्म, ओटीपी पाठवणारं लॉगिन आणि बालगंधर्वच्या प्रयोगांची तिकीटविक्री, या तिन्हींना एकच कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखणारी तपासणी) लावून चालत नाही. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, आत शिरला तर नुकसान किती, हे आधी ठरवा.

वेडीवाकडी अक्षरं विचारातच घेऊ नका. आपली यंत्रणा त्यातली सर्वांत अवघड अक्षरंही ९९.८ टक्के अचूक वाचते, असं गूगलनेच २०१४ मध्ये जाहीर केलं होतं. अडकतो तो माणूस. शून्य की ओ, एक की एल, यात चष्मा लावणारे आजोबा दोनदा चुकले की फॉर्म सोडूनच देतात.

चित्रांची कोडी, म्हणजे गूगलच्या रिकॅप्चा या कॅप्चाची दुसरी आवृत्ती, दिसायला कडक असतात. पण २०२४ मध्ये ईटीएच झुरिकच्या संशोधकांच्या मॉडेलने ती शंभर टक्के सोडवली. शिवाय चित्रं बहुतेक अमेरिकी रस्त्यांवरची. रोज लक्ष्मी रोडने जाणाऱ्याला फायर हायड्रंट कुठून ओळखू येणार? मोटरसायकलचा आरसा शेजारच्या चौकोनात जेमतेम डोकावतो, तो धरायचा की सोडायचा, इथेही लोक थबकतात. ग्राहकाला एवढा त्रास देऊन हाती काही लागत नसेल, तर हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

चौकशी फॉर्मला हनीपॉट पुरतो. एक जादा रकाना सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) पडद्याबाहेर ढकलायचा; माणसाला तो दिसत नाही, बॉट भरतो. टॅब दाबून कुणी तिथे पोचू नये आणि अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने तो वाचू नये, याचीही सोय करा. रकान्याला 'ईमेल' किंवा 'फोन' असं नाव मात्र देऊ नका. ब्राउझरचं ऑटोफिल तो भरून टाकतं आणि खऱ्या पालकांची चौकशी स्पॅममध्ये जाते, तीही कुणाला पत्ता न लागता. पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्म बाजूला काढला की उरलेलं बरंच स्पॅम थांबतं. खास तुमच्याच फॉर्मसाठी कुणी स्क्रिप्ट लिहिली, तर मात्र हनीपॉट टिकणार नाही.

ओटीपीचं तसं नाही. प्रत्येक एसएमएसचे पैसे तुमच्या खिशातून जातात. इथे रिकॅप्चाची तिसरी आवृत्ती आणि क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल यांत निवड करायची. तिसरी आवृत्ती काही विचारत नाही, ० (बहुधा बॉट) ते १ (बहुधा माणूस) असा स्कोअर देते, ०.५ ही सुरुवातीची रेषा. महिन्याला १०,००० तपासण्या मोफत. अडचण अशी की मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येतात, कुणी इन्कॉग्निटोमध्ये असतो, आणि चांगल्या माणसाचा स्कोअर पडतो. म्हणून पहिला आठवडा कुणालाही न अडवता नुसते स्कोअर नोंदवा, मग रेषा ठरवा.

आमचा कौल टर्नस्टाइलला. ते मोफत आहे, चित्रं दाखवत नाही, ब्राउझरचीच परीक्षा घेतं. फार तर एक टिक करावी लागते. त्याचं टोकन, म्हणजे तपासणी पार पडल्याचा पुरावा, पाच मिनिटं चालतं (रिकॅप्चाचं दोनच) आणि एकदाच वापरता येतं. घोळ इथेच होतो. फॉर्ममध्ये पिनकोड चुकला, सर्व्हरने परत पाठवला, दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला, तर तेच जुनं टोकन जातं आणि नाकारलं जातं. चूक दाखवताना विजेट (पानावरची टर्नस्टाइलची चौकट) रीसेट करा.

तिकिटांच्या काळ्या बाजारापुढे यातलं एकही पुरत नाही. पैसे घेऊन कोडी सोडवून देणाऱ्या सेवांत खरी माणसं बसलेली असतात. कॅप्चा त्यांना माणूस म्हणतो, ते बरोबरच आहे. तिथे एका मोबाइल क्रमांकाला किती तिकिटं, हीच मर्यादा कामाची. ओटीपीलाही तासाला तीनची मर्यादा घाला, पण आयपीवर नको, क्रमांकावर.

काम कुणाकडूनही करून घ्या, ताबा घेण्यापूर्वी एक चाचणी करा: पोस्टमन (सर्व्हरला थेट विनंती पाठवणारं साधन) उघडून टोकनशिवाय फॉर्म थेट सर्व्हरला पाठवा. तो स्वीकारला गेला, तर कॅप्चा नुसता पानावर चिकटवलाय, सर्व्हरवर टोकन तपासलंच जात नाही. बिल तोवर चुकतं करू नका.